दूरदेशीचा लेखक आणि शेजारचा वाचक

परदेशी राहून मराठीत लिहिणाऱ्या ग्रंथकारांविषयी आपल्याकडील मंडळी लिहू लागली म्हणजे एक गोष्ट हटकून घडते. परीक्षण बाजूस राहते व कौतुक सुरू होते. ‘इतक्या दूर जाऊनही मायबोलीस विसरले नाहीत’ हे त्या कौतुकाचे ठरलेले वाक्य. ते सौजन्याचे आहे यात शंका नाही. परंतु वाङ्मयविचाराच्या दृष्टीने त्याचा काडीइतका उपयोग नाही, आणि नीट पाहिले तर त्यात थोडा उपमर्दही आहे. आंब्याची पेटी समुद्र ओलांडून आली एवढ्यावरून तीतील आंबा गोड ठरत नाही. कवितेचेही तसेच. ती किती कोसांवरून आली हे टपालखात्याने पाहावे. टीकाकाराने ती कशी आहे हे पाहावे, आणि जमल्यास ती तशी का झाली हेही पाहावे.

या ‘का’च्या उत्तरात लेखकाची प्रतिभा येते, त्याचा अनुभव येतो, हे सर्वांस मान्य आहे. पण आणखी एक गोष्ट येते आणि तिचा विचार आपण फारसा करीत नाही. लेखक जेथे राहतो तेथे, हाकेच्या अंतरावर, त्याचे लिहिणे वाचणारे वा ऐकणारे, आणि प्रसंगी ‘हे साधले नाही’ असे तोंडावर सांगणारे कोणी आहे की नाही? मायदेशीच्या वाचकाकडे डोळे लावून लिहिणे निराळे आणि शेजारच्या बिऱ्हाडातील माणसासाठी लिहिणे निराळे. या भेदाने वाङ्मयाचा रंग किती पालटतो हे समजण्यास कॅरिबियन बेटांतून लंडनला गेलेल्या लेखकांचे उदाहरण फार उपयोगी आहे. ते आधी पाहू आणि मग आपल्या कुलाबा जिल्ह्याकडे (१९८१ पासून त्याचे नाव रायगड) वळू.

त्रिनिदादचा सॅम्युएल सेल्व्हन आणि बार्बाडोसचा जॉर्ज लॅमिंग हे दोघे १९५० साली एकाच बोटीने इंग्लंडला पोहोचले. दोघांच्याही गाठी ग्रंथकार म्हणून नाव नव्हते. पण त्यांच्या आधीच लंडनमध्ये त्यांच्यासाठी एक बैठक मांडून ठेवलेली होती. बी.बी.सी.वरून ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ नावाचा कार्यक्रम १९४३ पासून होत असे. जमैकाच्या कवयित्री ऊना मार्सन यांनी तो सुरू केला आणि १९४६ पासून हेन्री स्वान्झी या आयरिश गृहस्थाने तो नावारूपास आणला. बेटांवरील लेखकांची हस्तलिखिते जमैकात ग्लॅडिस लिंडो या बाई गोळा करीत, ती लंडनला जात, तेथे वाचली जात, आणि रेडिओवरून परत त्याच बेटांवर ऐकू येत. लेखकास मोबदला मिळे; त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या लेखनाची चिकित्सा होई. स्वान्झी नुसती पाठ थोपटणारा नव्हता. स्थानिक माणूस, स्थानिक बोली, स्थानिक रंग यांचा तो आग्रह धरी व उसना थाट दिसला की नापसंती दाखवी. पुढे १९५४ पासून काही काळ व्ही. एस. नायपॉल या कार्यक्रमाचे संपादन करीत होते, आणि त्यांच्या ‘मिगेल स्ट्रीट’मधील गोष्टी बी.बी.सी.च्याच एका खोलीत टंकयंत्रावर उतरल्या. हा कार्यक्रम १९५८ मध्ये बंद पडला. परंतु एकत्र बसण्याची सवय गेली नाही. १९६६ मध्ये एडवर्ड ब्रॅथवेट यांच्या लंडनमधील तळघरातील बिऱ्हाडी काही मंडळी जमली आणि ‘कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट’ जन्मास आली. ब्रॅथवेट, जॉन ला रोझ आणि अँड्र्यू सॉल्की हे तिचे तीन आधार. ती १९७२ पर्यंत चालली. त्याच १९६६ साली ला रोझ आणि सेरा व्हाइट यांनी ‘न्यू बीकन’ ही प्रकाशनसंस्था काढली. एक रेडिओ, एक बिऱ्हाड, एक प्रकाशनसंस्था : सामग्री एवढीच. पण तिच्या आश्रयाने जे वाङ्मय झाले ते इंग्रजी भाषेस आपली दखल घ्यावयास लावणारे झाले.

या मंडळींनी केले काय, हे एका उदाहरणाने सांगतो. सेल्व्हनची ‘द लोनली लंडनर्स’ ही कादंबरी १९५६ ची. तीत बेटांवरून आलेले कामकरी लोक लंडनमध्ये खोल्या शोधतात, नोकऱ्या शोधतात, थंडीने कुडकुडतात, आणि रविवारी मोझेस नावाच्या एका जुन्या रहिवाशाच्या खोलीत जमून गप्पा छाटतात. हकीकत एवढीच. पण ती सांगतो कोण? केवळ पात्रे नव्हेत, तर खुद्द निवेदकच त्रिनिदादच्या बोलीत बोलतो. बेझवॉटर या वस्तीस ही माणसे ‘वॉटर’ म्हणतात, नॉटिंग हिल गेट यास ‘गेट’ म्हणतात. इंग्रजांच्या राजधानीस त्यांनी आपल्या तोंडी बसतील अशी नावे ठेवली! नाव एकट्याने ठेवता येत नाही. चारचौघांच्या तोंडी ते रुळावे लागते, तेव्हा ते नाव होते. मोझेसच्या खोलीत रविवारी जमणारी ती माणसे नसती तर सेल्व्हनला ही भाषा कोठून मिळाली असती? त्याच्या कादंबरीचा निम्मा कर्ता ती खोली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्याकडे. मराठीचे स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंजावर येते, बडोदे-इंदूर येते, आणि अलीकडे अमेरिकेतील मंडळे येतात. या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या मराठी लेखकवर्गाचे लंडनमधील त्या मंडळींशी सर्वांत अधिक साम्य आहे, तो आमच्याच जिल्ह्यातला असूनही आमच्या वाङ्मयचर्चेत क्वचितच येतो. तो वर्ग म्हणजे बेने इस्रायल.

हा लेख मी कडावास बसून लिहीत आहे. कडाव कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे, उल्हास नदीच्या खोऱ्यातले गाव. येथून समुद्र दिसत नाही. बेने इस्रायलांची जुनी वस्ती बहुतांशी समुद्राच्या बाजूस : नवगाव, किहीम, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्यास लागल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून : किहीमकर, रोहेकर, पेणकर. भाषा मराठी, उसनी वा शिकलेली नव्हे, घरातली.

त्या घरातल्या मराठीने काय निर्माण केले हे पाहावयाचे असेल तर प्रथम पुस्तक उघडू नये. त्यांच्या सणांची नावे पाहावीत. यहुदी नववर्ष हा त्यांचा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी सारे कुटुंब दारे लावून उपास करी, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. एक ‘खिरीचा सण’ आहे. आणि अव महिन्याच्या नवमीस जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन पाळतात, त्याचे नाव ‘बिरड्याचा सण’. कारण त्या दिवसाचा उपास वालाच्या बिरड्याने सुटे. हे वाचून मी काही वेळ थांबलो. वाल म्हणजे आमच्या जिल्ह्याचे हाडीमांसी खिळलेले धान्य. भात निघाला की त्याच खाचरात वाल पेरावयाचा, आणि मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करावयाचे. हे कडावच्या कोणत्याही घरात विचारावे. तेच बिरडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नगराच्या नाशाच्या स्मरणास जाऊन चिकटले! आठवण हिब्रू, चव कुलाब्याची, आणि नाव मराठी. ही नावे कोणा एका कवीने दिली नाहीत. सेल्व्हनच्या माणसांनी बेझवॉटरचे ‘वॉटर’ केले, तसेच हे. फरक इतकाच की येथे नाव ठेवण्याचे काम रविवारच्या चार गप्पांत न होता कैक पिढ्यांत झाले.

छापील वाङ्मयाकडे यावे तर त्याचा आरंभ मोठा रंजक आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईस हिब्रू व्याकरण मराठीतून छापले, ते या समाजासाठी. १८४६ मध्ये मुंबईत ‘हग्गादा’, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाचा ग्रंथ, मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाला. १८७४ मध्ये पुण्यास मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी सचित्र हग्गादा काढली. तीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेत मुख्याध्यापकी करीत असता हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे काम आयुष्यभर केले. या भाषांतरांस ललित वाङ्मय म्हणावे असा माझा आग्रह नाही. प्रार्थनेच्या भाषांतरकारास शब्द सोडता येत नाही आणि जोडताही येत नाही. त्याच्या गद्यास पाय बांधून चालावे लागते. पण ज्या काळी आपल्याकडे मराठी गद्याची घडण चालू होती, त्याच काळी त्याच शहरात हेही लोक ती घडण करीत होते, एवढी नोंद तरी मराठी गद्याच्या इतिहासांत ठळकपणे यावयास हवी होती.

खरी वाङ्मयनिर्मिती झाली ती कीर्तनात. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आदी मंडळींनी आपल्या हरिदासी कीर्तनाचा सारा साज उचलला. तेच आख्यान, त्याच साक्या-दिंड्या, तीच मध्येच श्रोत्यांस कोपरखळी. आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया यांच्या कथा बसविल्या. काही जण यास अनुकरण म्हणतील. मला ते मत पटत नाही. कीर्तन हा प्रकार श्रोत्यांवाचून एक पाऊल टाकू शकत नाही. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला की आख्यान वळवावे लागते. म्हणजे ज्यास मी वर ‘शेजारचा वाचक’ म्हटले, तो येथे प्रत्यक्ष पुढ्यात मांडी घालून बसलेला असतो. त्यास हिब्रू पुरेशी कळत नाही, पण साकीचा ठेका लहानपणापासून अंगात भिनलेला आहे. त्याला धरून ठेवावयाचे तर भाषा त्याच्या घरची हवी. या समाजाचे मराठी भाषांतरांत जड चालते आणि कीर्तनात हलके होते, याचे कारण विषयात नाही, श्रोत्यात आहे.

योसेफाचे आख्यान तर फार विचार करण्याजोगे आहे. भावांनी विकलेला मुलगा मिसरात जातो, मोठा अधिकारी होतो, आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागावयास त्याच्या दारी येतात. त्यांचे बोलणे त्यास कळत असते. पण तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. परभूमीत नशीब काढलेल्या माणसाचे आपल्या भाषेशी काय नाते होते, याची याहून मर्मभेदक गोष्ट सांगता येणार नाही. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनी ती पहिल्याने ऐकली तेव्हा तिचा हा अर्थ त्यांस फारसा बोचला नसावा, कारण सांगणारा, ऐकणारा आणि आसपासचा गाव हे सारे एकाच भाषेत नांदत होते. तो अर्थ पुढे, ऐकणारे स्वतः मिसरच्याही पलीकडे जाऊन राहिले तेव्हा, अंगावर आला.

१९४८ नंतर, विशेषतः १९५० व १९६० च्या दशकांत, हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलास गेला. वाटणी झाली ती वाळवंटाकाठच्या नव्या वसाहतींत व कारखान्यांच्या गावांत : दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद. पुष्कळांस तेथील वागणूक रुचली नाही. काहींनी धरणे धरले व १९५२ मध्ये ते भारतात परतलेही. पुढे त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेविषयीच तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली, आणि १९६४ मध्ये मोठे आंदोलन होऊन संसदेने त्यांच्या बाजूने मत दिले तेव्हा ते प्रकरण निवळले. शतकानुशतके आम्ही यहुदी म्हणून जगलो आणि यहुद्यांच्या देशी येताच आमची वंशावळ तपासली जाते! एका थोर कादंबरीस पुरून उरेल एवढे दुःख आणि एवढा उपरोध या एका वस्तुस्थितीत भरलेला आहे.

या वस्तीत १९८० च्या दशकात ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघू लागले. नोहा मस्सील यांनी त्याचे संपादकत्व दीर्घकाळ सांभाळले. ते स्वतः कवी आहेत. नवगाव, रेवदंडा, पेण ही जी गावे एकमेकांपासून चार-दोन कोसांवर होती, त्यांची माणसे आता एका देशभर विखुरली होती. त्यांस पुन्हा एका आळीत आणून बसविण्याचे काम या त्रैमासिकाने केले, आणि ते काम क्षुल्लक नव्हे. लंडनच्या मंडळींस रेडिओ मिळाला, दुसऱ्याच्या पैशाने. हे यांनी स्वतःच्या पदराने केले.

येथवर मी कौतुकच केले. आता टीका. इस्रायलातील मराठी लेखनाचा मोठा भाग स्मरणरंजनाचा आहे. कोकणातील नारळ, मुंबईची चाळ, आईच्या हातचे जेवण. यात खोटे काही नाही, आणि म्हाताऱ्या वाचकाच्या डोळ्यांत त्याने पाणी येते हेही खरे. पण ज्या समाजाने जेरुसलेमच्या शोकदिनास ‘बिरड्याचा सण’ म्हटले, त्याने दिमोनास काय म्हटले? तेथील उन्हास, गिरणीच्या भोंग्यास, हिब्रूत उलट उत्तर देणाऱ्या मुलास कोणते मराठी नाव मिळाले? बोलण्यात अशी नावे पडली असणारच. माणसे जेथे राहतात तेथे ती पडतातच. छापील मराठी मात्र बहुधा ग्रांथिक राहिले. कुलाब्याच्या बोलीचा हेल आणि नव्या हिब्रू शब्दांची मिसळ यांनी जे घरगुती मराठी तेथे बोलले गेले, ते सेल्व्हनच्या त्रिनिदादी बोलीसारखे निवेदकाच्या आसनावर चढले नाही. याचे कारण उघड आहे. ते लिहिणाऱ्यांच्या मनात एक परीक्षक बसलेला होता, आणि तो लोदला राहत नव्हता. तो पुण्यास राहत होता. त्याने आपले मराठी ‘शुद्ध’ म्हणावे, ही ओढ. आणि आम्ही काय केले? तेथून जे आले त्यास नुसते ‘मायबोली विसरले नाहीत’ म्हणून शाबासकी दिली. स्वान्झीसारखे कोणी म्हटले नाही, की बाबांनो, पेणचे वर्णन आम्हांस ठाऊक आहे, दिमोनाचे करा, आणि तुमच्या घरात बोलता तसे करा.

याचा परिणाम दिसतो. या समाजातून थोर लेखक निपजले नाहीत असे नाही. निस्सिम इझिकेल (१९२४-२००४) हे याच समाजाचे. भारतीय इंग्रजी कवितेत त्यांचे स्थान पहिल्या रांगेत आहे, आणि वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. म्हणजे मराठी त्यांस परकी नव्हती. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती घडते आमच्याच किनाऱ्यावर, अलिबागच्या बाजूच्या दांड्यास. पण लिहिली गेली इंग्रजीत. शीला रोहेकर यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहुदी गाथा’ (२०१३) हिंदीत. ज्या भाषेत या समाजाने सण साजरे केले, मेलेल्यांसाठी शोक केला आणि लेकरे निजविली, ती भाषा कादंबरीच्या वेळी मात्र मागे राहिली. लेखक तेथे गेला जेथे त्यास वाचक, प्रकाशक आणि कान उपटणारा टीकाकार भेटला. यात त्याचा दोष काढण्यासारखे काही नाही.

कोणी म्हणेल, खरा लेखक मंडळीवाचूनही लिहितो. लिहितो. विलास सारंग (१९४२-२०१५) १९७० च्या दशकात इराकात बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवीत होते. त्या वास्तव्यातून ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी आली. परदेशातील मराठी माणसावर लिहिलेल्या कादंबऱ्यांत मला ती फार वरची वाटते. तीत हळहळ नाही, कोकण नाही, आई नाही. संशयाने भरलेल्या राजवटीत अडकलेला एक हिंदी अध्यापक आणि त्याचे कोरडे, हाडाळ गद्य. ते गद्य इतके कोरडे होण्याचे एक कारण हेच, की बसऱ्यात ते कोणास मराठीत वाचून दाखवावयाचे नव्हते. एकाकीपणाची त्यांनी शैली केली. परंतु सारंगांच्या मागून बसऱ्यात दुसरा मराठी लेखक झाला नाही. एकट्याकडून पुस्तक होते. परंपरा होण्यास कमीत कमी एक रविवारची खोली लागते.

बेने इस्रायलांपाशी ती खोली होती, आणि काही प्रमाणात अजून आहे. त्यांच्या स्त्रिया जुन्या कीर्तनांतील पदे इस्रायलातही एकत्र बसून गात आल्या आहेत. अॅना शुल्ट्झ या अमेरिकन संगीताभ्यासिकेने त्यांचा चिकाटीने अभ्यास केला आहे. म्हणजे शिकागोच्या विदुषीस जे ऐकू आले ते कर्जत-पेणच्या साहित्यप्रेमी मंडळींस ऐकू आले नाही. कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ पासून कोकणातील लेखनाचा संसार पाहत आहे. अष्टमकरांचे कीर्तन हे कोकणी मातीचे वाङ्मय नव्हे असे तिच्यातील कोणी म्हणणार नाही. प्रश्न ते वाचावयास घेण्याचा आहे. जिल्ह्याच्या वाचनालयांत ‘मायबोली’चे जुने अंक मिळवून, बांधून ठेवावेत. त्यांतील एकेक कविता घेऊन ती साधली की फसली हे, नाते मध्ये न आणता, कोणी लिहावे; आणि ते लिहिलेले लोदला व अश्दोदला पाठवावे. राग येईल, येऊ द्यावा.

घाई एवढ्यासाठी करावयाची, की ती पदे ज्या वह्यांत उतरवून ठेविली आहेत, त्यांतील अक्षर देवनागरी आहे. कडावच्या शाळेतील चौथीच्या मुलापुढे वही ठेवली तर तो बोट लावून ओळ वाचील. ज्या घरात ती वही आहे तेथील नातवंडांस आता दुभाष्या लागतो.